पाहुण्यांचा ढीग

धनराजशेठ माझ्या लॅबमध्ये आला आणि त्यानं मला ओळखलं नाही. आधी राग आला. ज्या माणसानं आमच्या घराचं वाटोळं केलं, त्याला आमचा चेहराही लक्षात असू नये हे जरा जास्तच झालं. मग लगेच बरं वाटलं. ओळखलं असतं तर तो आल्या पावली परत गेला असता, आणि मला तो परत जायला नको होता. इतकी वर्षं मी त्याचीच तर वाट बघत होते.

माझी लॅब नाशिकमध्ये, अंबडच्या रस्त्याला आहे. खडी, वाळू, सिमेंट, विटा, बांधकामाला जे जे लागतं ते आम्ही फोडून, भिजवून, चाळून, दाबून बघतो आणि चांगलं की वाईट ते कागदावर लिहून देतो. पाटीवर माझ्या नवऱ्याचं आडनाव आहे. त्यामुळे धनराजशेठला पाटी वाचूनही काही कळायचं कारण नव्हतं. पांढरा सफारी, बोटांत अंगठ्या, पोट आधीपेक्षा मोठं. मागून ड्रायव्हरनं खडीची गोणी आणून टेबलाजवळ ठेवली.

"मॅडम, इंदिरानगरला बंगला बांधतोय. स्वतःचा. पहिल्या मजल्याचे कॉलम झाले आणि त्यांच्या काँक्रीटचे क्यूब, ते तपासायचे ठोकळे हो, नापास आले. बंगल्याच्या इंजिनियरनं काम बंद पाडलं. म्हणतो, खडीचा रिपोर्ट आणा, तोही याच लॅबचा. आता मला सांगा, माझा स्वतःचा क्रशर. सगळ्या जिल्ह्याला मी खडी देतो. माझ्या खडीला काय झालंय?"

"मग क्यूब कशामुळे नापास झाले?" मी विचारलं.

"ठेकेदार चोर निघाला हो. गोरक्ष म्हणून आहे एक. माल सगळा माझा, त्याची फक्त मजुरी. त्यानं सिमेंट खाल्लं."

सिमेंट खाल्लं. हेच दोन शब्द. त्र्याण्णव साली याच तोंडून निघालेले, याच सुरात, जणू काही मनाला फार लागलं आहे अशा सुरात. माझ्या हातातलं पेन मी खाली ठेवलं, नाहीतर मोडलं असतं.

माझे वडील सावळीराम. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आम्ही माळी, दिंडोरी तालुक्यातले. घरची कोथिंबीर, मेथी, झेंडू नाशिकच्या बाजारात जायचा. अण्णांना बांधकामाची आवड लागली आणि ते छोटी छोटी कामं घेऊ लागले. मोऱ्या, शाळेच्या खोल्या, कुणाच्या विहिरीचं बांधकाम. मग आमच्याच गावची पाण्याची टाकी मिळाली. अण्णांनी त्या दिवशी गावभर पेढे वाटले. स्वतःच्या गावाला स्वतःच्या हातानं पाणी पाजायचं म्हणजे त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

खडी धनराजच्या क्रशरवरून यायची. धनराज तेव्हा अजून शेठ झाला नव्हता. आमच्या घरी जेवायचा, आईला वहिनी म्हणायचा, भाकरी मागून घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी अण्णांबरोबर ट्रॅक्टरवर बसून मी क्रशरवर जायची. तिथं वीस मिलीमीटरच्या खडीचे दोन ढीग असत. एक फाटकाजवळ, छोटा, नीटनेटका. काळा, घट्ट दगड, खडे चौकोनी, एकमेकांवर आपटले की खणखण वाजणारे. दुसरा मागे, डोंगराएवढा. त्यातली खडी करडी, मातीनं माखलेली, पुष्कळशी चपटी, आणि फोडली तर आत पांढरे ठिपके. एकदा मी खेळायला म्हणून फाटकाजवळच्या ढिगातले खडे उचलायला लागले, तर चिमणाबाई ओरडली. चिमणाबाई पेठकडची, दर वर्षी भात काढून झाला की नवऱ्यासोबत क्रशरवर मजुरीला यायची.

"पोरी, त्या ढिगाला हात नको लावू. तो पाव्हण्यांचा हाय."

"आणि मागचा?"

"तो घरचा."

मला वाटलं, बरोबरच आहे. आमच्याकडेही पाहुणे आले की त्यांना ताजी भाकरी आणि वरचं तूप, घरच्यांना मागचं उरलेलं. लग्नात पंगत बसतानाही आधी विचारतात, पाहुणे का घरचे? पाहुणे आधी बसतात, घरचे शेवटी. खडीचंही तसंच असेल. धनराजनंच ती नावं पाडली होती आणि सगळा क्रशर ती वापरायचा. कुणाला त्यात काही लपवण्यासारखंही वाटत नव्हतं, इतकी ती रुळली होती.

पाहुणे म्हणजे खडीचा नमुना न्यायला येणारे साहेब, हे मला तेव्हा कुठून कळणार? साहेब फाटकाजवळ गाडी थांबवायचे, पाहुण्यांच्या ढिगातून गोणी भरायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. नमुना पास व्हायचा. आणि आमच्या टाकीवर ट्रक यायचे ते घरच्या ढिगातून. अण्णा एकदा म्हणालेही होते, "धनराज, खडी जरा मऊ वाटती." तो म्हणाला, "सावळीराम, सरकारी लॅबनं पास केलीय. तू काय त्यांच्यापेक्षा शहाणा?" अण्णांनी मान्य केलं. दोस्त होता.

पहिल्याच उन्हाळ्यात टाकी झिरपायला लागली. मग भेगा पडल्या. चौकशी बसली. खडीचा रिपोर्ट चांगला, वाळू चांगली, म्हणजे दोष कुणाचा? धनराजनं चौकशीत उभं राहून सांगितलं, "माझा दगड म्हणजे लोखंड आहे साहेब. यानं सिमेंट खाल्लं." अण्णा तिथंच उभे होते. त्यांना वाटलं, हा आता हसेल आणि म्हणेल, गंमत केली. अण्णांचं नाव काळ्या यादीत गेलं, घराची आब गेली आणि गावानं त्यांना नवीन नाव दिलं. गळका. सावळीराम गळका. मी गळक्याची पोर. शाळेत पाण्याची बाटली सांडली तरी पोरं माझ्याकडे बघून हसायची. पुढच्या लग्नसराईत पंगतीत पाणी वाढणाऱ्यानं अण्णांच्या पेल्यापाशी थांबून म्हटलं, "जपून रे, इथं ओतलं की गळतंय." सगळी पंगत हसली. अण्णा ताटावरून उठले नाहीत, अन्नाचा अपमान नको म्हणून सगळं जेवले. पण त्यानंतर ते कुठल्याच लग्नाला गेले नाहीत.

मी सिव्हिल इंजिनियरिंगला गेले ती हट्टानं. दुसऱ्या वर्षी नमुना कसा घ्यायचा त्यावर तास होता. सर सांगत होते, ढिगाच्या एकाच बाजूनं खडी घेऊ नका, देणाऱ्यानं भरून दिलेली गोणी घेऊ नका, प्रत्यक्ष कामावरच्या ढिगातून वरून, मधून, खालून घ्या, ती एकत्र करा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा एकत्र करा. मी वहीत लिहिता लिहिता थांबले. चिमणाबाईचा आवाज कानात आला. तो पाव्हण्यांचा हाय. भर वर्गात मला रडू फुटलं, आणि सरांना वाटलं मला बरं नाही.

त्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी दाराला लावायचा दगड उचलून बघितला. तो दगड नव्हता, आमच्या टाकीचा तुकडा होता. टाकी निकामी ठरली तेव्हा अण्णांनी तो घरी आणला आणि दाराला लावून ठेवला, का ते कधी सांगितलं नाही. मी तो उन्हात नेऊन नीट बघितला. सिमेंट कमी असेल तर काँक्रीट फुटताना खडे अख्खे निघून येतात, त्यांच्या जागी खळगे राहतात. इथं एकही खळगा नव्हता. भेग सरळ खड्यांच्या मधून गेली होती, खडेच चिरले होते. आत तेच पांढरे ठिपके. मऊ दगड पाणी पितो, फुगतो, फुटतो. सिमेंट पुरेपूर होतं. माझ्या बापानं काही खाल्लं नव्हतं.

मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय." आणि तुकडा परत दाराला लावला. कुणाला सांगणार? चौकशी बंद झालेली, धनराज शेठ झालेला. मी मात्र त्या दिवशी ठरवलं, हा माणूस एक दिवस माझ्या समोर येईल आणि त्याची खडी माझ्या हातात असेल.

तर आता ती टेबलाजवळ होती. मी गोणीचं तोंड उघडलं. काळी, चौकोनी, धुतल्यासारखी. पाहुण्यांचा ढीग अजून जिवंत होता.

"गोणी ठेवून जा," मी म्हटलं. "पण मी साईटवरचाही नमुना घेणार. सगळ्यांसमोर."

मला वाटलं होतं, आता तो चुळबुळ करेल. त्यानं उलट टाळी वाजवली.

"घ्या की मॅडम! ढीग पडलाय तिथं. अहो, माझं स्वतःचं घर आहे. झुंबरला, म्हणजे क्रशरवरच्या माझ्या मुनिमाला, मी स्वतः फोन करून बजावलं होतं."

"काय बजावलं होतं?"

"म्हटलं, झुंबर, घरचं काम आहे, घरचाच माल टाक."

मी पटकन खाली वाकून गोणी बांधायला लागले, कारण माझा चेहरा मला आवरेना. घरचं काम आहे, घरचाच माल टाक! हा शहरात राहायला आला, क्रशर झुंबरवर सोडला, आणि स्वतः पाडलेला शब्द स्वतःच विसरला. त्याला म्हणायचं होतं, आपल्या घराला शोभेल असा माल. झुंबरनं ऐकलं ते क्रशरच्या भाषेत. या माणसाच्या घराला त्याच्याच तोंडानं घरचा ढीग लावला होता, आणि त्याला वाटत होतं गोरक्षनं सिमेंट खाल्लं. या वेळी तो खोटंही बोलत नव्हता. मनापासून बोलत होता.

मनात एक वाईट विचार येऊन गेला. गप्प बसावं. फक्त गोणी तपासावी, खडी उत्तम म्हणून लिहून द्यावं, आणि राहू द्यावं याला त्या कॉलमच्या आधारानं. पाऊस लागेल, दगड पाणी पितील, एक दिवस काय व्हायचं ते होईल. पण त्या घरात त्याची सून राहणार, नातवंडं राहणार, त्यांनी माझं काय बिघडवलं होतं? आणि गोरक्षचं नाव अण्णांच्या शेजारी जाऊन बसलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर तसला सूड मला पुरणारा नव्हता. छताखाली चेंगरलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. मला तो धडधाकट हवा होता, कान शाबूत असलेला.

त्या संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. लग्नानंतर काही वर्षांनी मी त्यांना माझ्याकडे आणलं होतं, आणि येताना त्यांनी दाराचा तो तुकडाही बरोबर आणला होता. ते अंगणातल्या मेथीच्या वाफ्याला पाणी घालत होते.

"या उद्या माझ्याबरोबर," मी म्हटलं.

"मी साईटवर येत नाय, ज्योत्स्ना. तुला म्हाईत हाय."

"मग मला तो दाराचा तुकडा द्या."

ते वाफ्याला पाणी घालत राहिले. सकाळी मी निघाले तर अण्णा इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर बसलेले, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत तो तुकडा. मी गाडीचं दार उघडलं.

इंदिरानगरच्या साईटवर सगळे जमले होते. काम थांबवणारा इंजिनियर, धनराजशेठ, त्याचा मुनीम झुंबर, आणि एका बाजूला गोरक्ष. गोरक्ष तिशीतला असेल. दाढी वाढलेली, रात्रभर न झोपल्यासारखे डोळे. मला बघून तो पुढे आला.

"मॅडम, आईची शपथ, एक घमेलंसुद्धा इकडचं तिकडं केलं नाय. शेठ म्हणतात पोलिसात देतो. माझं काम बंद पडलं तर मी काय करू?"

"तू फक्त उभा राहा," मी म्हटलं. मला त्याच्याकडे फार वेळ बघवेना. अण्णा असेच उभे होते.

अण्णा गाडीतच बसून राहिले. काच खाली केली होती, पण धनराजशेठनं तिकडे लक्ष दिलं नाही.

मी ढिगाच्या माथ्यावरून, कुशीतून आणि तळातून खडी काढायला लावली. ती ताडपत्रीवर एकत्र करून गोल पसरली आणि फावड्यानं तिचे चार भाग केले.

"धनराजशेठ, यातले समोरासमोरचे कुठले दोन टाकायचे ते तुम्ही सांगा. नंतर मॅडमनं निवडलं असं व्हायला नको."

तो खूश झाला. अंगठीवाल्या बोटानं त्यानं दोन भाग दाखवले. ते आम्ही बाजूला लोटले. लोटतानाच इंजिनियरच्या कपाळाला आठी पडली, कारण खाली ताडपत्रीवर मातीचा पिवळा थर राहिला होता. मी मूठभर खडी बादलीत टाकून ढवळली. पाणी चहासारखं झालं.

"धूळ आहे हो," धनराजशेठ म्हणाला. "उन्हाळा आहे."

"धूळच असेल," मी म्हटलं. "आता दगड बघू."

आघाताचं मशीन मी बरोबर आणलं होतं. साधं असतं ते. पोलादी वाटीत ठराविक मापाची खडी घालायची, वरून जड हातोडा ठरलेल्या उंचीवरून ठरलेल्या वेळा सोडायचा आणि चाळून बघायचं, चुरा किती झाला. जितका चुरा कमी तितका दगड टणक. खरी चाचणी लॅबमध्ये, भट्टीत खडी वाळवून होते आणि रिपोर्टात तीच धरतात, हे मी आधीच सांगितलं. पण डोळ्यांना दिसायला एवढं पुरे होतं.

आधी धनराजशेठच्या गोणीतली खडी घातली. हातोडा पडत गेला. चाळली, तर ताटात चिमूटभर चुरा. खडे जसेच्या तसे.

"बघा!" तो म्हणाला. "लोखंड आहे."

हाही शब्द तोच. मी वाटी पुसली आणि साईटवरची खडी घातली, त्याच्याच निवडीनंतर उरलेल्या भागांतली. दोन-तीन घावांतच आवाज बदलला. खणखण नाही, धपधप. घाव पुरे झाले आणि मी दुसऱ्या ताटात चाळलं. ताटात चुऱ्याचा ढिगारा झाला. करडा, पांढरे ठिपके मिसळलेला. मी दोन्ही ताटं शेजारी शेजारी ठेवली. मग नापास कॉलमचा फोडलेला तुकडा इंजिनियरच्या हातात दिला.

"यात खळगे दिसतात का? खडा अख्खा निघालाय असं एक तरी ठिकाण?"

त्यानं फिरवून फिरवून बघितलं. "नाही. खडेच चिरलेत."

"म्हणजे सिमेंट भरपूर आहे. गोरक्षनं काही खाल्लेलं नाही."

गोरक्ष मटकन खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. धनराजशेठचा चेहरा लाल झाला होता. तो झुंबरवर धावून गेला.

"हरामखोरा, कुठला माल पाठवलास तू माझ्या घराला?"

झुंबर बिचारा गोंधळून गेला. "शेठ, तुम्हीच म्हनलात, घरचं काम हाय, घरचाच माल टाक. मी घरच्या ढिगातलाच टाकला. एक ट्रकसुद्धा पाव्हण्यांचा दिला नाय!"

शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं त्यानं ते सांगितलं. इंजिनियर एकदा झुंबरकडे आणि एकदा दोन ताटांकडे बघत राहिला.

"घरचा ढीग म्हणजे काय, धनराजशेठ?" मी विचारलं. "आणि पाहुण्यांचा म्हणजे?"

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. अण्णा उतरून आले, सावकाश, पिशवी छातीशी धरून. त्यांनी टाकीचा तुकडा बाहेर काढला आणि कॉलमच्या तुकड्याशेजारी ठेवला. तेच चिरलेले खडे, तेच ठिपके. कुठला जुना आणि कुठला नवा हेही कळलं नसतं. धनराजशेठनं त्या तुकड्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आत्ता त्यानं मला ओळखलं. तो क्षण मी आयुष्यभर पुरवून पुरवून आठवणार आहे, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

"टाकीला कुठला माल दिला होतास, धनराज?" अण्णांनी विचारलं.

धनराजशेठ खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"जरा मोठ्यानं बोल," अण्णा म्हणाले. "लोक मला गळका म्हणतात. बहिरा कुणी म्हणत नाय."

"घरचा," तो म्हणाला.

"आता हेच गावात येऊन सांग. टाकीखाली. मी तिथंच गळका झालो."

अण्णा वळून गाडीत जाऊन बसले. धनराजशेठ माझ्या मागे मागे आला. आवाज एकदम खाली आला होता, मॅडमची ताई झाली होती. "ताई, झालं गेलं. मी गावात येतो, सावळीराम म्हणेल ते बोलतो. पण रिपोर्टचं जरा बघा. एवढा खर्च झालाय. थोडं वरखाली करून पास करा. मी गावात बोललो तर कराल ना?"

मी काहीच बोलले नाही. सामान आवरत राहिले. गप्प राहणं म्हणजे हो, असं त्यानं आयुष्यभर धरलं होतं, तेव्हाही धरलं. मी त्याला तसं धरू दिलं.

तो खरंच आला. आमच्या गावची टाकी अजून उभी आहे, रिकामी, तिच्या सावलीत म्हशी बांधतात. सरपंचांनी लोक बोलावले होते. धनराजशेठ म्हशींच्या मध्ये उभा राहिला आणि सांगितलं: दोन ढीग होते, साहेबांना दाखवायचा वेगळा आणि द्यायचा वेगळा, टाकीला घरचा माल दिला, सावळीरामनं सिमेंट खाल्लं नव्हतं, मी खोटं बोललो होतो. अण्णा समोर बसून शब्दन् शब्द ऐकत होते. ज्या माणसानं पंगतीत पाण्याची मस्करी केली होती तो आता म्हातारा झाला होता. तो उठून अण्णांच्या शेजारी येऊन बसला. मला वाटलं होतं मी हसेन. मी हुंदके देऊन रडले.

लॅबमधल्या चाचण्या तोवर पुऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी धनराजशेठ पेढ्यांचा पुडा घेऊन रिपोर्ट न्यायला आला. मी रिपोर्ट दिला. मातीचा अंश जास्त, चपटे खडे जास्त, दगड पाणी पितो मर्यादेच्या किती तरी पुढे, आघाताला टिकत नाही. बांधकामास अयोग्य.

"ताई, हे काय? तुम्ही तर म्हणाला होतात..."

"मी काय म्हणाले होते?"

त्यानं खूप आठवून बघितलं. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. मी काहीच म्हणाले नव्हते.

"मी गावात एवढं तोंड काळं करून आलो!"

"ते खरं बोलायला गेला होतात," मी म्हटलं. "आणि हेही खरंच आहे. पेढे घेऊन जा."

घर जोत्यापर्यंत पाडावं लागलं. पाडायचं काम गोरक्षनं केलं, आणि त्याचा सगळा मोबदला रोख, आधी घेऊन केलं. मी दोनदा मुद्दाम वाट वाकडी करून तिकडून गेले. घण पडत होते आणि प्रत्येक घावाबरोबर मला बरं वाटत होतं. अण्णांना मी चला म्हटलं, तर ते म्हणाले, "मला काय करायचंय? पडू दे त्याचं ते." मला त्यांचा थोडा राग आला. एवढं सगळं ज्यांच्यासाठी केलं त्यांनाच त्याची गोडी नसावी! मला वाटलं, माणूस आतून विझून गेलाय, आता याला ना सूड कळतो ना सुख.

पुढच्या लग्नसराईत सरपंचांच्या मुलाचं लग्न निघालं. आमंत्रण द्यायला सरपंच स्वतः नाशिकला आले आणि अण्णांना म्हणाले, "सावळीराम, तुम्ही नुसतं जेवायला नाय यायचं. वाढायला पाहिजे तुम्ही." अण्णा हो म्हणाले. कमरेला उपरणं बांधून, बुंदीची बादली घेऊन ते पंगतीत फिरत होते. मी दुसऱ्या बाजूच्या रांगेत बसले होते. पहिली पंगत बसत होती, जागा पुरत नव्हती, आणि वाढणारी पोरं ज्याला त्याला विचारत होती, पाहुणे का घरचे? घरचे असतील तर उठा, नंतर बसा. नेहमीचंच.

पहिल्या पंगतीत मधोमध धनराजशेठ बसला होता. मोठा माणूस, त्याला बोलावणं होतंच. पत्रावळीवर भात आला, वरण आलं, भाजी आली. मग अण्णा बुंदी वाढत वाढत त्याच्यापाशी पोचले आणि थांबले. पळी हवेत धरून त्यांनी अगदी साध्या आवाजात, बाकी सगळे विचारत होते त्याच सुरात विचारलं,

"धनराजशेठ, पाहुणे का घरचे?"

शेजारच्याचा घास हातातच राहिला. पलीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग रांग हसली, मग समोरची रांग हसली. धनराजशेठनं अण्णांकडे वर बघितलं. पाहुणा म्हणावं तरी मेला, घरचा म्हणावं तरी मेला. तो पत्रावळ दुमडून उठायला लागला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

"बसा हो. आपल्यात एकच बादली असती. समद्यांना तीच."

आणि त्यांनी बुंदी वाढली. एक पळी, दुसरी, तिसरी, वरण दिसेनासं होईपर्यंत. मग न बघता पुढच्या पत्रावळीकडे गेले. सगळी पंगत बघत होती, ताटावरून उठायची आमच्यात पद्धत नाही. धनराजशेठनं मान खाली घालून ती बुंदी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली.